घड्याळ परत करण्याआधी एकदा टेप लावून बघ

तुझा मेसेज दोनदा वाचला. तक्रार अशी: नवीन रनिंग घड्याळ घेऊन पाच दिवस झाले. रविवारी मैत्रिणीबरोबर बडोद्याच्या कमाटीबागेत फेऱ्या मारल्यास. तिच्या फोनमध्ये ५.०२ किलोमीटर आले, तुझ्या घड्याळात ५.२८. दोघी शेजारी शेजारी पळालात, मग हा पाव किलोमीटर उगवला कुठून? त्यात पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, आत्ता ५:२० दाखवतो, चार पावलांवर ७:१०, लगेच ५:४०, आणि तू तर एका लयीत पळत होतीस. दुकानदार दहा दिवसांच्या आत परत घेतो म्हणालाय. थंडीत पहिली हाफ मॅरेथॉन आहे, २१.१ किलोमीटरची, ती दोन तासांच्या आत संपवायची आहे. "काका, परत करू का?"

आज नको. अजून पाच दिवस हातात आहेत, त्यातल्या तीन सकाळी मला दे.

मी वीस वर्षं पळतोय, पण त्याहून जास्त वर्षं माझं पोट जमिनीच्या मोजणीवर चाललं. साखळी, पोलादी टेप, थिओडोलाइट, मग टोटल स्टेशन आणि शेवटी शेवटी डीजीपीएस, म्हणजे दोन यंत्रं जोडीनं लावून नेमकी जागा काढणारं जीपीएस. त्यामुळे घड्याळाचं कुणी विचारलं की माझ्यातला पळणारा गप्प बसतो आणि मोजणीवाला बोलायला लागतो. मोजणीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: खरं अंतर किती होतं? तुझ्याकडे दोन आकडे आहेत आणि दोन्ही एकाच जातीच्या यंत्रांचे. त्यातला फोनचा आकडा पाचाच्या जवळ पडला म्हणून तुला तो खरा वाटला. चार फेऱ्यांचे बरोब्बर पाच किलोमीटर होतात हे बागेत कुणी मोजून ठेवलंय का? नाही ना. मग घड्याळ चूक की फोन चूक, हा निकाल अजून लागलेलाच नाही.

आता आत काय चालतं ते बघ. घड्याळ अंतर मोजत नाही. ते दर सेकंदाला "मी कुठे आहे" याचा एक अंदाज बांधतं, नकाशावर ठिपका टाकतं आणि ठिपक्याला ठिपका जोडत जातं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरत असतात. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी यावरून उपग्रह किती लांब ते कळतं, आणि असे निदान चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. सिग्नल धावतो प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे वेळेत एका मायक्रोसेकंदाची गफलत झाली तर अंतरात ३०० मीटरची. शिवाय इथपर्यंत येईतो तो अगदी मिणमिणता झालेला असतो. ओल्या पानांत तो आणखी विरतो, उंच भिंतीवर आपटून येतो. आपटून आला की त्याची वाट लांबते, घड्याळाला वाटतं उपग्रहच लांब आहे, आणि तुझा ठिपका रस्ता सोडून बाजूला जातो.

डीजीपीएसनं शेताच्या बांधाचा एक कोपरा घ्यायचा तर आम्ही तिपाई रोवायचो, वर थाळीएवढा अँटेना, खाली खुणेच्या दगडावर बरोब्बर ओळंबा. दुसरं यंत्र ठाऊक असलेल्या जागेवर वेगळं उभं. मग कधी वीस मिनिटं, कधी तासभर सावलीत बसून राहायचं. एवढं केल्यावर सेंटिमीटरची भाषा करता यायची. तुझ्या घड्याळातला अँटेना त्याच्या कडेत दडलेला, कडा मनगटावर, मनगट झोके घेतंय, अर्धं आकाश तुझ्याच अंगानं झाकलेलं, आणि त्याला मिळतो एक सेकंद. मोकळ्या आभाळाखाली तरीही ते तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ठिपका चार मीटर बाजूला पडला म्हणून अंतर बिघडत नाही, ही गोष्ट मात्र घड्याळ विकणाऱ्यांनाही सांगावी लागते. सगळेच ठिपके सारखे चार मीटर सरकले तर नकाशावर तू विश्वामित्रीच्या पात्रात मगरींच्या सोबतीनं पळताना दिसशील, पण किलोमीटर जवळपास बरोबर येतील. अंतर बिघडतं ते डगमगण्यानं. एक ठिपका डावीकडे, पुढचा उजवीकडे, त्याच्या पुढचा पुन्हा डावीकडे. सरळ रस्त्याची नागमोडी रेघ झाली की ती लांबच होणार, आखूड कधीच नाही. उलट ठिपके विरळ घेतले, म्हणजे पाच-सहा सेकंदांनी एक, तर वळणावर रेघ कोपरा कापून जाते आणि अंतर आखूड येतं. कमाटीबागेत दोन्ही आहे: डोक्यावर जुनी दाट झाडी आणि रस्ता सगळा वळणावळणांचा. तुझं घड्याळ दर सेकंदाला ठिपका टाकत डगमगलं असणार. फोनमधली काही ॲप ठिपके विरळ घेतात किंवा रेघ घोटून गुळगुळीत करतात. एक फुगलं, एक आकसलं, खरा आकडा मध्ये कुठेतरी. माझा अंदाज विचारशील तर ५.१ च्या आसपास, पण अंदाजावर मी कधी नकाशावर सही केली नाही.

आपल्या गावात घड्याळाला चकवणाऱ्या जागा मला पाठ आहेत, त्या सांगून ठेवतो. मांडवीपासून चांपानेर दरवाजाकडे जाणारा भाग, म्हणजे सगळा जुना पेठांचा पट्टा: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, वर आकाशाची चिंधी. दांडिया बाजारातून अकोट्याला जाणारा पूल, ज्याच्यावर सोलर पॅनेलचं छत घातलंय. तिथे माझा पेस दर वेळी काहीतरी चमत्कार करतो. आणि सगळ्यात वाईट जुना पादरा रोड. अटल ब्रिज २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हापासून गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा पूल डोक्यावर आहे. खालून पळताना एकदा माझ्या घड्याळानं किलोमीटरला ३:५० दाखवला. पासष्टीच्या माणसाला! नातवाला दाखवला, तो म्हणाला, "आजोबा, ऑलिंपिकला जा." तेव्हा या तीन ठिकाणच्या आकड्यांवरून घड्याळाचा न्याय करायचा नाही.

मग कुठे करायचा?

पहिली सकाळ ट्रॅकवर. चारशे मीटरचा प्रमाणित ट्रॅक शोध, आणि पळ ती अगदी आतल्या लेनमधून, आतल्या कडेपासून साधारण फूटभर सोडून. चारशे मीटर मोजलेले असतात ते पहिल्या लेनमध्ये कडेपासून ३० सेंटिमीटरवर, इतरत्र नाहीत. लेन १.२२ मीटर रुंद असते, त्यामुळे दुसऱ्या लेनची फेरी ४०७ मीटरची होते, चौथीची ४२२ मीटरच्या वर. आपल्याकडे सवय अशी की आतली लेन पोरांसाठी सोडायची आणि आपण चौथीतून गप्पा मारत पळायचं. दहा फेऱ्या झाल्या की घड्याळ ४.२२ म्हणतं आणि माणूस घड्याळाला नावं ठेवतो. घड्याळ बिचारं बरोबर असतं. सकाळी लवकर जा, आतली लेन मोकळी मिळेल. दहा फेऱ्या मार, म्हणजे ४,००० मीटर झाले, आणि आकडा वहीत लिही.

एक पथ्य पाळ. तुझ्या घड्याळात "ट्रॅक रन" नावाचा वेगळा प्रकार असला तर चाचणीच्या वेळी तो लावू नकोस. त्यात घड्याळ लेन विचारून घेतं आणि प्रत्येक फेरी चारशेच्या साच्यात बसवून टाकतं. म्हणजे परीक्षेत उत्तरपत्रिका आधीच हातात दिल्यासारखं. साधा "रन" लाव. वळणं बरीच असल्यामुळे ४.०४, ४.०८ असा आकडा आला तर दचकू नकोस. ४.२० आला तर मला सांग.

दुसरी सकाळ सरळ मोकळ्या रस्त्यावर, आणि ही माझी आवडती. सिंधरोटच्या रस्त्याला, जिथे दोन्ही बाजूंना शेतं लागतात, तिथे मी एक किलोमीटर मोजून ठेवलाय. तीस मीटरचा पोलादी टेप, एक मदतनीस आणि खडू. तेहेतीस टेप आणि वर दहा मीटर. रोडोमीटरनंही होतं, आमच्या खात्यात चाकाच्या त्या दांडीला तेच म्हणायचे, पण खडबडीत डांबरावर चाक उड्या मारतं आणि किलोमीटरला दोन-तीन मीटरचा घोळ करतं. टेपचीही एक गंमत आहे. पोलादी टेप २० अंश सेल्सिअसला बरोबर असतो. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत तो लांबतो आणि किलोमीटरमागे वीस-बावीस सेंटिमीटरची चूक होते. पळण्याच्या दृष्टीनं ती शून्य, पण मोजणीवाल्याला रात्री झोप लागत नाही, म्हणून मी ते काम जानेवारीतल्या सकाळी केलं.

तर तिथे काय करायचं? पहिल्या खुणेच्या पाच मिनिटं आधीच घड्याळ सुरू कर, हळू पळत ये. पहिल्या खुणेवर लॅपचं बटण दाब, म्हणजे तिथून नवा टप्पा वेगळा मोजला जातो, एका लयीत पळ, दुसऱ्या खुणेवर पुन्हा लॅप दाब. वळून परत ये, तसंच कर. असे चार लॅप घे. लॅपचे आकडे १.००, १.०१, १.०१, १.०२ असे आले तर तुझं घड्याळ किलोमीटरला साधारण दहा मीटर जास्त सांगतं, एक टक्का. ही त्याची खोड. घड्याळ खराब आहे असा याचा अर्थ नाही. आमच्याकडे प्रत्येक साखळीची अशी खोड लिहिलेली असे, ही इतकी लांब, ती इतकी आखूड, आणि हिशेबात ती दुरुस्त करून घ्यायची. चुकणाऱ्या साखळीनं बरोबर मोजणी करता येते. रोज वेगळी चुकणाऱ्या साखळीनं मात्र येत नाही.

तिसरी सकाळ म्हणूनच तुझ्या नेहमीच्या रस्त्याला. घरून निघून जो ठरलेला फेरा पळतेस तोच, त्याच कडेनं. घड्याळ आल्यापासून तो दोनदा झालाच असेल, हा तिसरा. ८.११, ८.१४, ८.०९ आले तर मला तेवढं पुरे. ८.११, ८.४३, ७.९० आले तर मात्र घड्याळाला स्वतःचंच म्हणणं ठाऊक नाही.

आता पेसच्या उड्या. याचं उत्तर गणितात आहे आणि एकदा कळलं की तू त्या आकड्याकडे बघणं सोडशील. सहाच्या पेसनं तू सेकंदाला २.७८ मीटर जातेस, पाच सेकंदांत जवळपास चौदा मीटर. समजा त्या पाच सेकंदांत ठिपका नुसता दोन मीटर मागे पडला. घड्याळाला दिसले बारा मीटर, त्यानं पेस सांगितला ७:००. दोन मीटर पुढे पडला की सोळा मीटर, पेस ५:१५. तू तीच, तुझी लय तीच. पण तीच दोन मीटरची चूक पूर्ण किलोमीटरवर पसरली की फरक पडतो एका सेकंदाहूनही कमी. म्हणजे घड्याळ क्षणाक्षणाला खोटं बोलतं आणि किलोमीटर संपला की बऱ्यापैकी खरं सांगतं. चांगली घड्याळं निव्वळ ठिपक्यांवर विसंबत नाहीत. सिग्नलच्या कंपनसंख्येत पडणाऱ्या फरकावरूनही वेग काढतात, जसा येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाडीच्या शिटीचा सूर बदलतो तसा. शिवाय हाताच्या झोक्याचा सेन्सर असतो. वर सगळं घोटून सरासरी दाखवतात. जास्त घोटलं की आकडा शांत होतो पण उशिरा हलतो: तू चढावर हळू झालीस हे त्याला दहा-पंधरा सेकंदांनी कळतं. कमी घोटलं की नाचतो. कंपनी कुठलीही असो, या दोहोंच्या मध्ये तिला कुठेतरी उभं राहावं लागतं.

म्हणून स्क्रीनवरून चालू पेस काढूनच टाक. त्याच्या जागी "लॅप पेस" ठेव, म्हणजे या किलोमीटरची आतापर्यंतची सरासरी. पहिले दोनशे मीटर तोही जरा इकडेतिकडे करेल, मग स्थिरावतो. माझ्या स्क्रीनवर तीनच गोष्टी असतात: लॅप पेस, एकूण वेळ, लॅपचं अंतर. पोरांच्या स्क्रीनवर सहा-सहा रकाने बघतो, पळताना ते वाचायला चष्मा कुठून आणतात देव जाणे.

लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जात असे, तिथे श्वास आणि मास्तरांची टाळी सोडून दुसरं मोजमाप नव्हतं. त्याची सवय अजून आहे. मी घड्याळ बघण्याआधी मनात आकडा सांगतो, "हा किलोमीटर ६:३५", आणि मग बघतो. तूही महिनाभर करून बघ. आधी वीस-वीस सेकंद चुकशील, मग पाचावर येशील. पादरा रोडवर पुलाखाली हेच उपयोगी पडतं.

शर्यतीच्या दिवसाचं वेगळं सांगायला हवं, कारण तुझी खरी काळजी ती आहे आणि माझी खरी फजितीही तिथेच झाली. पहिल्यांदा घड्याळ बांधून हाफ पळालो तेव्हा मीही दोन तासांच्या आत संपवायच्या मागे होतो. दोन तासांना किलोमीटरमागे ५:४१ लागतात. मी सगळा वेळ सरासरी पेस बघत होतो, ५:४१ च्या वर जाऊ दिला नाही. शेवटच्या वळणावर अगदी निवांत होतो. मंडप दिसला, त्यावरचं घड्याळ दिसलं आणि पोटात गोळा आला. २:०१:१७. माझ्या मनगटावर पेस होता ५:४१ आणि अंतर २१.३४. घड्याळाच्या हिशेबानं हाफ मॅरेथॉन केव्हाच संपली होती. रस्त्याच्या हिशेबानं नव्हती, आणि पदकावर रस्त्याचा हिशेब चालतो.

त्यात काही घड्याळाची एक टक्क्याची खोड होती आणि काही माझी. प्रमाणित शर्यतीचा मार्ग जीपीएसनं मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा गणक लावतात, आधी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात, आणि मार्ग मोजून झाल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर तपासतात, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि आकडे बदलतात. मार्ग चुकूनही आखूड निघू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. आणि मोजतात सगळ्यात जवळची वाट: वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर ठेवून, एका वळणावरून पुढच्या वळणाकडे तिरकं जात. मी मात्र गर्दी टाळायला बाहेरच्या कडेनं गेलो, पाण्याच्या टेबलासाठी रस्ता ओलांडला, ओळखीच्यांना हात करायला परत ओलांडला. तेवढे मीटर मी खरोखर पळालो होतो. त्यांचे पैसे कुणी दिले नाहीत.

तेव्हा तुझ्यासाठी दोन गोष्टी. सिंधरोटच्या रस्त्यावर घड्याळाची जी खोड निघेल ती आणि थोडी वळणांची गळती धरून घड्याळावरचं लक्ष्य खाली आण. एकूण सव्वा टक्का धरला तर ५:४१ च्या जागी मनगटावर ५:३७ हवेत. दुसरी जास्त पक्की: ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला घड्याळ आपणहून टाकतं तो लॅप, बंद कर आणि किलोमीटरची पाटी आली की लॅप हातानं दाब. ऑटो लॅप चालू ठेवलास तर दहाव्या किलोमीटरला घड्याळ पाटीच्या सव्वाशे मीटर आधीच वाजेल आणि तुला उगाच वाटेल आपण पुढे आहोत. हातावर बॉलपेननं चार पाट्यांच्या वेळा लिहून ठेव: ५ ला २८:२६, १० ला ५६:५२, १५ ला १:२५:१९, २० ला १:५३:४५. यांच्या आत राहिलीस की झालं, मग मनगटावरचं अंतर २१ दाखवो की २२. एखादी पाटी सोयीचा खांब बघून बांधलेली असते, तो एक किलोमीटर पाच मिनिटांचा आणि पुढचा सव्वासहाचा निघतो. त्यावर धावपळ करू नकोस, पुढच्या दोन पाट्या बघ.

सेटिंगचं पटकन सांगतो. आदल्या रात्री घड्याळ फोनला जोडून सिंक कर, म्हणजे पुढच्या काही दिवसांत कुठला उपग्रह कुठे असेल ते त्यात उतरतं. नाहीतर सकाळी ते स्वतः आकाश धुंडाळत बसतं. गॅलरीत, पत्र्याखाली किंवा लिफ्टमधून बाहेर पडता पडता सुरू करू नकोस. मोकळ्यावर ये, सिग्नल आल्याची खूण दिसली तरी आणखी एक मिनिट बुटाची नाडी बांध, मग सुरू कर. घाईघाईत सुरू केलेल्या पळण्याचा पहिला किलोमीटर मी मोजतच नाही. उपग्रहांच्या पर्यायात नुसतं जीपीएस असेल तर "सर्व प्रणाली" कर, त्यात रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेदो हेही येतात. "मल्टी-बँड" किंवा "ड्युअल फ्रिक्वेन्सी" असेल तर पेठांत आणि झाडीत तेच लाव. दोन वेगळ्या कंपनसंख्यांवर ऐकल्यानं आपटून आलेला सिग्नल ओळखायला सोपा जातो. बॅटरी जास्त खातं, पण तुला दोन तास पळायचंय, दोन दिवस नाही. नोंद दर सेकंदाला ठेव, "स्मार्ट", म्हणजे विरळ नोंद, नको. ऑटो पॉज बंद. चौकातल्या सिग्नलला थांबलीस तर थांबलीस, शर्यतीत घड्याळ तुझ्यासाठी थांबणार नाही.

ठोक्यांचं तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. मनगटाच्या मागचा हिरवा दिवा रक्ताच्या लाटेवरून ठोके ओळखतो, आणि पळताना मनगट पावलाच्या तालावर हादरतं. कधी कधी तो रक्ताऐवजी पावलंच मोजायला लागतो. अगदी आरामात पळतेस, गप्पा मारता येतायत, आणि ठोके १७२ वर चिकटलेत? तुझी मिनिटाला पावलं बघ, तीही १७२ च असतील. घाबरून डॉक्टर गाठण्याआधी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकव आणि एक भोक घट्ट कर. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी हात थंड असताना पहिली दहा मिनिटं आकडा तसाही भरवशाचा नसतो. ठोक्यांवर ट्रेनिंग करायचं ठरवलंस तर छातीचा पट्टा घे, मनगटाशी भांडत बसू नकोस. आणि "व्हीओटू मॅक्स" (दमसासाचा आकडा), "तुमचं शरीराचं वय" वगैरे जे दाखवतं, ते सगळं याच ठोक्यांवर आणि याच पेसवर उभं आहे. पहिला महिना वाचूच नकोस.

नवरात्रात गरब्याला ते घालून जाणार असशील तर जा, पण "रन" सुरू करून नको. माझ्या सुनेनं केलं होतं. एका रात्रीत चौदा किलोमीटर, आणि नकाशा असा की कावळ्यानं काड्यांचं घरटं बांधलंय.

पावसाळ्यात आणि आपल्या मे महिन्यात एकच जप: घरी आल्यावर घड्याळ नळाखाली धर, मागचे चार्जिंगचे टोक फडक्यानं कोरडे कर, मगच चार्जरला लाव. घामातलं मीठ तसंच राहिलं की ते टोक काळे पडतात. माझं पहिलं घड्याळ असंच गेलं. दुकानदार म्हणाला पाणी गेलं, पाणी नव्हतं गेलं, मी धुतलं नव्हतं.

आता परत कधी करायचं ते. सिंधरोटच्या मोकळ्या रस्त्यावर चार लॅपमध्ये दोन टक्क्यांहून जास्त फरक आला, म्हणजे किलोमीटरला वीस मीटरच्या वर, तर परत कर. चार लॅप एकमेकांशीच जुळत नसतील, ०.९७, १.०३, १.००, १.०५ असे, तर दुसऱ्यांदाही तपासू नकोस, परत कर. सिंक केल्यावरही मोकळ्या आभाळाखाली सिग्नल यायला रोज पाच-पाच मिनिटं लागत असतील तर परत कर. काचेच्या आत धुकं दिसलं किंवा लॅपचं बटण दोनदा दाबावं लागत असेल, तर बाकी सगळं उत्तम असलं तरी परत कर. ओल्या बोटांना टचस्क्रीन ऐकत नाही, त्या वेळी बटण हाच आधार. कमाटीबागेतल्या ५.२८ साठी मात्र परत करू नकोस, तिथे कुठलंही दुसरं घड्याळ आणलंस तरी थोडंफार तेच करेल.

बागेचा फेरा खरंच किती आहे हे मलाही आता स्वस्थ बसू देईना. रविवारी साडेपाचला फुलांच्या घड्याळापाशी ये, मैत्रिणीलाही आण, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. टेप आणि खडू मी आणतो. उजाडायच्या आत अर्धा फेरा मोजून होईल, नंतर चालायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि प्रत्येक जण विचारतो, "काय हो, रस्ता रुंद करणार का?"